सातही हॉस्टेलं पास

इनासकाका आमच्याकडे जेवायला आले की आधी हात धूत नाहीत, आधी अलार्म वाजवतात.

म्हणजे असं. दारात बूट काढायचे, कोट माझ्या नवऱ्याच्या हातात द्यायचा, सरळ जिन्यापाशी जायचं आणि छताला लावलेल्या स्मोक अलार्मचं बटण छत्रीच्या टोकाने दाबायचं. पीं! पीं! पीं! सगळं घर कानांवर हात ठेवून उभं. काका मात्र एखादी सुरेल तान ऐकावी तसे डोळे मिटून ऐकणार आणि मग म्हणणार, "चालू आहे. वाढा आता."

पहिल्यांदा हे झालं तेव्हा माझ्या हातातून आमटीची वाटी पडली होती. त्याला आता चौदा वर्षं झाली. आता ते बटण दाबतात तेव्हा मी पोळ्या लाटत असते आणि माझं लाटणंसुद्धा थांबत नाही.

इनासकाका आणि फिलूकाकू हे आमचे कॅनडातल्या रिचमंड हिलमधले शेजारी. मूळचे वसईचे, कॅथलिक. आम्ही ठाण्याचे. आम्ही इथे राहायला आलो त्या दिवशी काका ड्राइव्हवे ओलांडून आले आणि म्हणाले, "ठाणं आणि वसई? मधे फक्त एक खाडी. म्हणजे तिथेही शेजारी, इथेही शेजारी." मला इतकं बरं वाटलं! तर पुढचंच वाक्य, "तुमच्या बेसमेंटच्या खिडकीला गज कशाला? आग लागली तर माणूस बाहेर कुठून येणार?"

मागून काकूंचा आवाज आला (त्या नवऱ्याला पप्पाच म्हणतात), "पप्पा, त्यांना आधी आत तर जाऊ द्या. सामान अजून ट्रकमध्ये आहे."

काका तीस वर्षं एका नगरपालिकेत फायर इन्स्पेक्टर होते. इमारती तपासायच्या, जिने मोजायचे, दरवाजे ढकलून बघायचे, आणि शेवटी 'पास' किंवा 'फेल' असा शेरा देऊन सही करायची. नोकरी संपली, शेरे संपले नाहीत. कुठलंही मत देण्याआधी ते "रिमार्क" असं म्हणतात. आमच्या गणपतीला आले, हात जोडले, आणि मूर्तीच्या मागे वाकून म्हणाले, "रिमार्क. एका सॉकेटवर चार माळा. देव क्षमा करील, मी नाही करणार." माझ्या भाचीच्या लग्नात नवरानवरीला भेटायच्या रांगेत सगळे आशीर्वाद देत होते, काकांनी नवऱ्यामुलाच्या कानात हॉलचे बाहेर पडायचे दरवाजे कुठे कुठे आहेत ते सांगितलं. तो बिचारा उगाच घाबरला.

पण एका गोष्टीत मात्र हा माणूस देवासारखा. न बघता शेरा नाही. एकदा म्हणे बर्फाचं मोठं वादळ होतं. ऑफिसने सांगितलं, जुनीच इमारत आहे, गेल्या वर्षीचा शेरा उतरवून काढ. काका तीन तास गाडी चालवत गेले, एक दरवाजा ढकलून पाहिला, आणि तीन तास गाडी चालवत परत आले. "न बघता सही करणाऱ्याला मी त्याच दिवशी घरी पाठवीन," असं ते आजही म्हणतात, आणि म्हणताना त्यांची हनुवटी वर जाते. मी त्यांची नक्कल फार छान करते. हनुवटीसकट. इथल्या मराठी मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात मला ती करायला लावतात आणि मी दोनदा नाही म्हणून तिसऱ्यांदा उठते.

तर हे इनासकाका, वय एकोणसत्तर, यंदाच्या मार्चमध्ये आमच्या टेबलावर बसून म्हणाले, "आम्ही दोघं युरोपला चाललोय. पाठीवर बॅगा टाकून. हॉस्टेलमध्ये राहणार. बंक बेड, एका खोलीत आठ माणसं, वॉशरूम बाहेर."

माझ्या नवऱ्याचा घास हातातच राहिला. हा माणूस हॉटेलात चौथ्या मजल्याच्या वर खोली घेत नाही! लहान मुलांच्या वाढदिवसाला केकवर मेणबत्त्या लावल्या की बादली आणायला उठतो!

"काकू, तुमचा गुडघा?" मी विचारलं.

"गुडघा पण येणार आहे," काकू म्हणाल्या. "त्याचं पण तिकीट काढलंय."

मग तयारी सुरू झाली. काकांनी जुन्या बाजारातून एक बंक बेड आणून बेसमेंटमध्ये उभा केला आणि दोघं सराव म्हणून तिथे झोपायला लागली. काका वर, काकू खाली. आठवडाभरात काकांच्या कपाळाला दोन टेंगळं आली. त्यांच्या चर्चमधल्या बायका कौतुकाने काकूंकडे आल्या आणि तिकडच्या, देवाच्या आईच्या तीर्थक्षेत्रांसाठी हातात चिठ्ठ्या ठेवून गेल्या: लूर्दचं पाणी आणा, फातिमाला माझ्या नावाची मेणबत्ती लावा. काका म्हणाले, "तिकडे जाणार नाही. यादीत नाही."

कुठली यादी, ते मला काकूंनी सांगितलं. बेसमेंटमध्ये मी त्यांच्या बॅगेचे पट्टे त्यांच्या मापाला आणत होते. त्या खालच्या पलंगावर बसल्या होत्या.

त्यांना एकच मुलगी, रीना. मी तिला जेमतेम तीनदा पाहिलंय. ती पार दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरजवळ बर्नाबीला राहते, विद्यापीठात नोकरी करते. दर रविवारी फोन येतो. "हाय डॅड. फाईन. ओके. मॉमला द्या." काका फोन काकूंकडे देतात आणि फावडं घेऊन बाहेर जाऊन ड्राइव्हवे शोव्हल करतात. बर्फ नसला तरी.

रीना एकोणीस वर्षांची असताना तिने उन्हाळ्यात काम करून पैसे साठवले होते. दोन मैत्रिणी आणि ती, तिघींनी युरोप फिरायचं ठरवलं. तिने शहरांची आणि हॉस्टेलांची यादी केली, सुंदर अक्षरात: लिस्बन, माद्रिद, बार्सिलोना, पॅरिस, ॲमस्टरडॅम, प्राग, व्हिएन्ना. आणि ती वडिलांपुढे ठेवली. तिला वाटलं, डॅडींचं तर हेच काम, ते बघून सांगतील कुठलं बरं आणि कुठलं नको.

"पप्पांनी लाल पेन काढलं," काकू म्हणाल्या. "आणि साती नावांपुढे फेल, फेल, फेल लिहिलं. खाली सही केली. पोर म्हणाली, डॅड, तुम्ही एक तरी पाहिलंय का? हे म्हणाले, बघायची गरज नाही."

"मग?"

"मग काय! मैत्रिणी गेल्या. ही घरात बसली. सप्टेंबरात हिने शिकायला व्हँकुव्हरकडे ॲडमिशन घेतली. कॅनडात त्याच्या पुढे जाता येत नाही, पुढे समुद्र लागतो. नाहीतर गेली असती."

हिवाळ्यात बेसमेंट आवरताना ती यादी काकांना एका खोक्यात सापडली. स्वतःच्या अक्षरात सात शेरे, सही, तारीख. न बघता. काका त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी ट्रॅव्हल एजंटकडे गेले.

"म्हणजे आता बघायला चाललेत?" मी म्हटलं.

"हो. शेरा तपासायला." काकूंनी पट्टा ओढून पाहिला. "आणि संगीता, खरं सांगू? त्यांची इच्छा आहे, सातातलं एक तरी फेल निघावं. एक. मग त्यांना झोप लागेल."

मे महिन्यात दोघं गेली. आमची सकाळ ती त्यांची दुपार, त्यामुळे माझ्या चहाच्या वेळेला व्हिडिओ कॉल यायचा. आणि काय सांगू, अशी करमणूक मला कुठल्या नाटकाने दिली नाही!

काकांनी दोन पानी फॉर्म स्वतः तयार केला होता. शेवटी दोन चौकटी, पास आणि फेल, आणि मथळ्यावर एकच प्रश्न: 'एकोणीस वर्षांच्या मुलीस राहण्यास योग्य आहे काय?' लिस्बनला पहिलीच अडचण आली. मुलींच्या खोलीत काकांना कोण सोडणार? मग त्यांनी काकूंना डेप्युटी नेमलं. हातात टॉर्च, टेप आणि फॉर्म देऊन आत पाठवलं, स्वतः दाराबाहेर उभे. काकू दीड तासाने बाहेर आल्या. केसांच्या दोन वेण्या घातलेल्या! आतल्या मुलींनी घालून दिल्या होत्या. फॉर्मवर पहिला प्रश्न होता, दार आतून बंद होतं का. काकूंनी लिहिलं होतं, 'होतं. पोरी छान आहेत.' खिडकी जमिनीपासून किती फुटांवर? 'नदी दिसते.'

"फिलू, नदी हा रिमार्क नाही!" काका फॉर्म फोनवर मला दाखवत ओरडत होते.

"आणि फातिमा तासा-दीड तासावर होती," मागून काकू. "देवाच्या आईला वळसा घालून चाललोय आम्ही, संगीता. हे पण लिहा फॉर्मवर."

काका चहा आणायला गेले तेव्हा काकू मला हळूच म्हणाल्या, "खोलीत एक ब्राझीलची पोर होती, एकोणीसच वर्षांची. तिने आईला फोन लावला आणि फोन फिरवून फिरवून दाखवलं, हा माझा पलंग, हे माझं कुलूप, ही इंडियाची आंटी. तिची आई मला काहीतरी म्हणाली. भाषा कुठे येते मला? पण कळलं. लक्ष ठेवा म्हणाली. मी हो म्हटलं आणि वॉशरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिले."

लिस्बन पास. माद्रिद पास. बार्सिलोनाला काकांना जिन्यात एक सायकल सापडली, ते हरखले. पण मालकाने 'सॉरी सर' म्हणून ती त्यांच्या डोळ्यांदेखत उचलली. पास. पॅरिसलाही पास, फातिमासारखं लूर्दही बाजूला. ॲमस्टरडॅमला आठ पलंगांची खोली होती, सहा तरुण मुलं आणि हे दोघं. काकांनी दुपारी चार वाजता त्या सहाही जणांना आग लागल्याचा सराव करायला लावला. नाकाला ओला टॉवेल, खाली वाकून, भिंतीला हात लावत. मुलं आधी हसली, मग चढाओढीने करायला लागली, मग शेजारच्या खोलीतली आली. शेवटी म्हणे वीस जण खालच्या अंगणात उभे राहून काकांसाठी टाळ्या वाजवत होते. त्यांनी काकांचं नाव ठेवलं 'चीफ'. हा प्रसंग मी इतका रंगवून सांगते की माझ्या नवऱ्याला वाटतं मी तिथे होते.

पण मुकुटमणी म्हणजे प्राग. यादी वीस-बावीस वर्षांपूर्वीची. दोघं पत्त्यावर पोचली तर हॉस्टेलच्या जागी दाताचा दवाखाना! काकू म्हणाल्या, चला, एक वाचलं. काका म्हणाले, इमारत तीच आहे, जिना तोच आहे. पण अपॉइंटमेंटशिवाय आत सोडेनात. मग इनासकाकांनी अपॉइंटमेंट घेतली. तोंड उघडून, हिरडीत इंजेक्शन घेऊन दात साफ करून घेतले. आणि जाताना जिना, मागचं दार आणि खिडक्या तपासून, बधिर जिभेने काकूंना म्हणाले, "पाफ."

ही गोष्ट मी मंडळात तीनदा सांगितली आहे, आणि तिन्ही वेळा लोकांनी टेबलं बडवली. व्हिएन्नाची मात्र कधी सांगितलेली नाही. इथेच पहिल्यांदा लिहिते आहे.

व्हिएन्नाचं हॉस्टेल शेवटचं. त्या दिवशी कॉल आला तो काकांचाच, आणि चेहरा असा की नातू झाल्याची बातमी असावी. "संगीता! सापडलं! मागच्या बाहेर पडायच्या दाराला साखळी! साखळी आणि कुलूप! याहून मोठा गुन्हा नाही!"

"फेल करा काका!" मी इथून ओरडले. मी खरंच ओरडले. मला त्यांच्यासाठी इतका आनंद झाला होता.

पुढचं मला काकूंकडून कळलं. काका फॉर्म घेऊन मॅनेजरकडे गेले. ती पंचविशीची मुलगी होती. ती म्हणाली, आज सकाळपासून दाराला रंग लावतोय म्हणून साखळी, पाच वाजता काढणार, तोपर्यंत मागच्या खोल्या रिकाम्या ठेवल्या आहेत, चला दाखवते. काका बरोबर पाचला तिथे जाऊन उभे राहिले. साखळी काढली. त्यांनी दार ढकललं. दार उघडलं. काका बाहेर गल्लीत गेले आणि परत आत येईनात.

"मी म्हटलं, पप्पा, बरं झालं ना, पास झालं," काकूंनी सांगितलं. "तर म्हणाले, हो. सगळीच पास झाली, फिलू. पोर गेली असती तर परतही आली असती."

परत आल्यावर काकांनी सातही फॉर्म एका पाकिटात घातले आणि वर लावायला पत्र लिहिलं. ते मला तपासायला दिलं. विषय: आधी दिलेले शेरे मागे घेण्याबाबत. खाली मजकूर: सदर अधिकाऱ्याने स्थळे प्रत्यक्ष न पाहता नापसंतीचे शेरे दिले होते. प्रत्यक्ष पाहणीअंती सर्व स्थळे योग्य आढळली. सही.

"काका," मी म्हटलं, "ही पोरीला चिठ्ठी आहे की बिल्डरला नोटीस? सॉरी लिहा ना. एक शब्द."

"फॉर्ममध्ये तशी जागा नसते."

"मग फॉर्म बदला!" काकू स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

काकांनी बदलला नाही. पाकीट गेलं. रविवारी फोन आला, "हाय डॅड, फाईन, मॉमला द्या." पाकिटाचं काही नाही. पुढच्या रविवारीही तेच. काका रोज सकाळी रस्त्याच्या टोकाला सगळ्या घरांचं टपाल येतं त्या पेटीपर्यंत जात आणि हातात पिझ्झाच्या जाहिराती घेऊन परत येत. तिसऱ्या रविवारी मी त्यांचं भांडं परत द्यायला गेले होते तेव्हा फोन वाजला. काकूंच्या हातांना पीठ होतं म्हणून त्यांनी स्पीकर लावला.

रीना इंग्रजीत बोलते, मी मराठीत सांगते. ती म्हणाली, "मॉम, आज देऊ नकोस फोन कुणाला. डॅड, तुम्हीच थांबा. तुमचे फॉर्म आले. मी ते खूपदा वाचले." आणि मग, "डॅड, मी गेले होते."

"कुठे?" काकांनी विचारलं.

"सगळीकडे. एकवीस वर्षांची असताना. त्या उन्हाळ्यात मी कॅम्पसवर लॅबमध्ये काम करते म्हणून सांगितलं होतं ना, तेव्हा. तुम्ही फेल केलेल्या सातही ठिकाणी राहिले. मुद्दाम. यादी पाठ होती मला."

"मैत्रिणींबरोबर?"

"त्या आधीच जाऊन आल्या होत्या. एकटी."

काकूंचे पिठाचे हात तसेच हवेत. मी भांडं घेऊन दाराकडे सरकले, पण निघवेना.

"व्हिएन्नाला मला ताप आला," रीना म्हणाली. "तीन दिवस. खूप भीती वाटली, डॅड. तुम्हाला फोन करावा असं इतकं वाटलं! पण करणार कसा? मी तर बर्नाबीत होते ना."

काकांनी टेबलाची कड धरली. मला वाटलं, आता रागावतील, किंवा मग एकदाचं ते सॉरी म्हणतील. ते म्हणाले, "कुठल्या मजल्यावर होतीस?"

"चौथ्या."

"तिथे लिफ्ट नाही. बहात्तर पायऱ्या आहेत, मी मोजल्यात. तापात बहात्तर पायऱ्या चढलीस?"

पलीकडून हसल्यासारखा आवाज आला. मग तो हसण्याचा राहिला नाही. "दोनदा," ती म्हणाली. "औषध आणायला."

त्यानंतर मी खरंच घरी गेले. तो फोन दीड तास चालला, असं काकूंनी नंतर सांगितलं. काकांनी विचारलं, पुन्हा जाऊ या का, तिघं? रीना म्हणाली, डॅड, मी एकेचाळीस वर्षांची आहे, माझी पाठ आता बंक बेडवर टिकायची नाही. ते खरंच आहे. काही गोष्टींचं वय असतं, आणि ते कुणासाठी थांबत नाही. पण ती नाताळात येते म्हणाली. आली तर चार दिवस राहील. काकू "आली तर" हे शब्द मुद्दाम जोरात म्हणतात, म्हणजे उद्या ऐकताना लागू नयेत.

त्या आठवड्यात रीनाने एक फोटो पाठवला. जुन्या छापील फोटोचा फोनवर काढलेला फोटो. व्हिएन्नाच्या हॉस्टेलच्या दारात ती उभी आहे, कुणा अनोळखी माणसाने काढलेला. पाठीवर बॅग, केस कापलेले, हडकुळी. शिकायला गेल्यावर पहिली दोन वर्षं ती एकदाही घरी आली नव्हती, त्यामुळे या वयाची रीना त्यांच्याकडे एकाही फोटोत नव्हती. काकांनी मला हाक मारून बोलावलं. "संगीता, हे मोठं कसं करायचं गं?"

मी बोटांनी मोठं करून दाखवलं. त्यांनी मुलीचा चेहरा खूप वेळ पाहिला. मग फोटो हळूहळू खाली सरकवला, पायांपर्यंत.

"पाऊस पडतोय," ते म्हणाले. "आणि हिने चपला घातल्यात."

काकू चुलीपाशी होत्या. मागे न वळता म्हणाल्या, "पप्पा, त्या पावसाला वीस वर्षं झाली."

"हो," काका म्हणाले. "पण पाय भिजले असतील ना तिचे."